अमेरिकेतील पशुपालकांना आपत्ती भरपाई : कायदा संपला तेव्हा आलेले हिमवादळ

अमेरिकेत शेतकरी व पशुपालकांना नैसर्गिक आपत्तीची भरपाई संघीय कृषी खात्याच्या फार्म सर्व्हिस एजन्सीमार्फत दिली जाते. या व्यवस्थेचे मूळ एकक म्हणजे कौंटी. आपल्याकडील जिल्ह्याशी तिची ढोबळ तुलना करता येईल. अर्ज कौंटीच्या कार्यालयात स्वीकारला जातो. तो पात्र आहे की नाही, याचा निर्णय स्थानिक शेतकऱ्यांनी निवडून दिलेली समिती घेते.

ही व्यवस्था किती तकलादू ठरू शकते, हे ऑक्टोबर २०१३ मध्ये साउथ डकोटा राज्याच्या पश्चिम भागात दिसून आले. मीड ही तेथील क्षेत्रफळाने सर्वांत मोठी कौंटी. सुमारे नऊ हजार चौरस किलोमीटर प्रदेशात त्या वेळी जेमतेम २५ हजार लोकवस्ती होती. उर्वरित विस्तार मुख्यतः कुरणांचा. ३ ते ५ ऑक्टोबरदरम्यान या भागावर ‘ॲटलस’ हिमवादळ कोसळले. आधी थंड पाऊस, मागोमाग बर्फ आणि ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाचे वारे. गुरे अद्याप उन्हाळी कुरणांवरच होती; हिवाळ्यातील दाट केस त्यांच्या अंगावर आलेले नव्हते. भिजलेले कळप वाऱ्याच्या दिशेने सरकत गेले आणि ओहोळांत, तळ्यांत, कुंपणांपाशी गारठून मेले. राज्यात १५ ते ३० हजार गुरे दगावल्याचा अंदाज तेव्हा वर्तवण्यात आला. काही पशुपालकांचा निम्मा कळप गेला. वासरांच्या विक्रीचा हंगाम अवघ्या काही आठवड्यांवर आलेला होता.

भरपाईची योजना मात्र अस्तित्वात नव्हती. पशुधन दगावल्यास बाजारमूल्याच्या ७५ टक्के रक्कम देणाऱ्या ‘लाइव्हस्टॉक इन्डेम्निटी प्रोग्रॅम’ची मुदत ३० सप्टेंबर २०११ रोजीच संपली होती आणि नव्या कृषी कायद्यावर संसदेत एकमत होत नव्हते. त्यातच १ ऑक्टोबरपासून संघीय सरकारचे कामकाज निधीअभावी ठप्प झाले. नुकसान नोंदवायचे, तर कौंटीच्या कार्यालयाला कुलूप. मेलेल्या जनावरांची छायाचित्रे काढा, कानातील बिल्ले जपून ठेवा, त्रयस्थ साक्षीदाराकडून मोजणी करून घ्या, एवढाच सल्ला पशुपालकांना मिळत होता. दरम्यानच्या काळात आधार मिळाला तो पशुपालक संघटनांनी उभारलेल्या मदतनिधीचा आणि इतर राज्यांतील पशुपालकांनी पाठवलेल्या कालवडींचा.

७ फेब्रुवारी २०१४ रोजी नव्या कृषी कायद्यावर स्वाक्षरी झाली. पशुधनविषयक आपत्ती योजना कायमस्वरूपी झाल्या आणि १ ऑक्टोबर २०११ पासूनच्या नुकसानीला पूर्वलक्षी प्रभावाने लागू करण्यात आल्या. अर्ज १५ एप्रिलपासून स्वीकारले जाऊ लागले. सहा महिने जपलेली छायाचित्रे आणि बिल्ले तेव्हा कामी आले. ज्यांनी घाईने मृत जनावरे पुरली, त्यांना पुरावा जुळवणे अर्थातच अवघड होते.

दुष्काळासाठीची चारा योजना निराळ्या पद्धतीने चालते. तेथे मेलेले जनावर दाखवावे लागत नाही; नेब्रास्का विद्यापीठातील केंद्राच्या सहभागाने दर गुरुवारी प्रसिद्ध होणारा दुष्काळ नकाशा निर्णायक ठरतो. चराईच्या काळात कौंटीचा कोणताही भाग सलग आठ आठवडे ‘तीव्र’ श्रेणीत राहिल्यास एका महिन्याच्या चारा खर्चाच्या ६० टक्के रक्कम मिळे. २०२५ च्या कायद्याने ही अट चार आठवड्यांवर आणली. एका कोपऱ्यातील दुष्काळामुळे संपूर्ण कौंटी पात्र होते, तर सीमेपलीकडचे तितकेच करपलेले कुरण अपात्र राहू शकते. सोयीसाठी आखलेली रेषा येथे थेट पैशांचा हिशेब ठरवते.

२०२५ च्या त्याच कायद्याने गाभण जनावराबरोबर गमावलेल्या, न जन्मलेल्या पिलासाठीही भरपाईची तरतूद केली. २०१३ च्या वादळात मेलेल्या अनेक गाई गाभण होत्या. तेव्हाच्या हिशेबात त्या वासरांना स्थान नव्हते. कार्यालयांचा खर्च मात्र आजही वार्षिक निधीवरच चालतो. २०१८-१९ मध्ये सरकारी कामकाज ३५ दिवस ठप्प झाले, तेव्हा योजना कायम असूनही कौंटी कार्यालये कित्येक आठवडे बंद होती.