१४ जुलै : इंगमार बर्गमन यांचा जन्म

जगप्रसिद्ध स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमन यांचा जन्म १४ जुलै १९१८ रोजी उप्साला येथे झाला. वडील ल्युथरन पंथाचे धर्मोपदेशक. घरात शिस्त कडक, चुकीला शिक्षा ठरलेली. वडील खेडोपाडीच्या चर्चमध्ये प्रवचनाला जात, तेव्हा लहानगा इंगमार सोबत असे. प्रवचन चालू असताना त्याची नजर मात्र छतावरच्या मध्ययुगीन चित्रांवर खिळलेली असायची: देवदूत, सैतान, माणसाला गाठणारा मृत्यू.

एका नाताळात मोठ्या भावाला हाताने फिरवायचे छोटे सिनेयंत्र भेट मिळाले. इंगमारने आपली शिशाच्या शिपायांची अख्खी फौज देऊन ते पदरात पाडून घेतले. आत रॉकेलचा दिवा लावून दांडा फिरवला, की कुरणात निजलेली मुलगी भिंतीवर उठून उभी राहायची. बाहुल्यांचे नाट्यगृह हाही त्याचा आवडता खेळ.

हे सारे पुढे पडद्यावर उतरले. ‘द सेव्हन्थ सील’मध्ये (१९५७) मृत्यूशी बुद्धिबळ खेळणारा सरदार चर्चच्या चित्रांतूनच आला. ‘विंटर लाइट’मध्ये (१९६३) श्रद्धा डळमळलेला धर्मोपदेशक भेटतो, तर ‘फॅनी अँड अलेक्झांडर’मध्ये (१९८२) बाहुल्या, चित्रदीप आणि कठोर बिशप एकत्र येतात. या चित्रपटाने ४ ऑस्कर मिळवले. ३० जुलै २००७ रोजी बर्गमन यांचे निधन झाले. मुलांचा खेळ आणि त्यांना पडणारे देवाविषयीचे प्रश्न किती मोलाचे असतात, हे त्यांच्या चित्रपटांइतके क्वचितच कुणी दाखवले असेल.