रक्तातले लोह आणि साखर

आपल्याकडे लोह म्हटले की कमतरताच आठवते. अंगणवाडीत, शाळेत, सरकारी दवाखान्यात लोहाच्या गोळ्या मिळतात. देशपातळीवर हा कार्यक्रम १९७० पासून चालत आला आहे. पारनेरसारख्या अवर्षणग्रस्त तालुक्यात बायाबापड्यांचे पांढरे पडलेले ओठ कुणाला नवे नाहीत. अशा मुलखात ‘तुमच्या अंगात लोह जास्त झाले आहे’ असे डॉक्टर म्हणाले, तर ऐकणाऱ्याला ती थट्टाच वाटेल. पण सुप्याच्या एमआयडीसीत काम करणारी माणसे हल्ली हौसेने पॅकेजच्या तपासण्या करतात. रिपोर्टात वर साखर वाढलेली असते आणि खाली ‘फेरिटिन’ नावाचा एक आकडा वाढलेला असतो. या जोडीला मोठा इतिहास आहे.

१८६५ साली पॅरिसचे डॉक्टर त्रूसो यांनी एका मधुमेही रुग्णाचे वर्णन लिहून ठेवले. त्याचे यकृत निबर झाले होते आणि कातडीला काशाच्या भांड्यासारखी झाक आली होती. पुढे फ्रेंच वैद्यकात या दुखण्याला ‘कांस्य मधुमेह’ असे नाव पडले. १८८९ मध्ये जर्मनीच्या रेक्लिंगहाउझेन यांनी अवयवांत साचलेला हा रंग लोहाचा असल्याचे दाखवले आणि रोगाला ‘हिमोक्रोमॅटोसिस’ हे नाव दिले. इन्सुलिन मिळाले १९२१ साली. त्यानंतर मधुमेही जास्त जगू लागले आणि हा आजार डॉक्टरांना नीट पाहता आला. १९३५ मध्ये इंग्लंडच्या शेल्डन यांनी जगभरातले ३११ रुग्ण एकत्र मांडले आणि तो आनुवंशिक असल्याचे सांगितले. त्यामागचे मुख्य जनुक हाती लागायला मात्र १९९६ साल उजाडले.

लोहाचा साखरेशी संबंध काय? आपल्या शरीरात तीन-चार ग्रॅम लोह असते. एखादा मोठा खिळा होईल एवढेच. रोज जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम आत येते आणि तेवढेच झिजून जाते. जादा लोह बाहेर टाकण्याची वाट शरीराला नाही, हे मॅकन्स आणि विडोसन या ब्रिटिश संशोधकांनी १९३७ मध्ये दाखवून दिले. म्हणजे या घराला दार आहे, मोरी नाही. साचलेले लोह यकृतात, हृदयात आणि स्वादुपिंडात बसते. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशी त्याने गंजल्यासारख्या होतात. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा.

यावरचा उपाय ऐकून जुनी माणसे मान डोलावतील. गावोगावी पूर्वी जळवा लावत, तुंबड्या लावत, फासण्या मारत. युनानी हकीम शीर उघडून रक्त काढत, त्याला ‘फस्द’ म्हणत. आधुनिक वैद्यकाने हे बहुतेक सारे मोडीत काढले, आणि १९५०च्या सुमारास या रोगासाठी रक्त काढणे पुन्हा जवळ केले. एका बाटलीबरोबर दोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम लोह निघून जाते. अर्थात हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मोजूनमापून करायचे. तुंबडीवाल्याकडे जाऊन नव्हे.

युरोपात आढळणारा तो जनुकीय दोष भारतात जवळजवळ नाही. आपल्याकडची कहाणी उलटी आहे. इथे लोह साचते ते रक्त घेतल्याने. थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. प्रत्येक पिशवीतून दोनशेहून अधिक मिलिग्रॅम लोह अंगात उतरते. ज्या रक्ताने मूल जगते, त्याच रक्तातले लोह त्याला वयात येता येता मधुमेही करू शकते. फाळणीनंतर उल्हासनगरला वसलेल्या सिंधी कुटुंबांत या आजाराचे वाहक पुष्कळ आहेत, पण तो एका जातीधर्माचा नाही. १९५७ साली मुंबईत सुरू झालेली, केईएम रुग्णालयाच्या आवारातली रक्तविज्ञान संस्था अशा वाहकांचा अभ्यास करत आली आहे. लोह खेचून काढणारे औषध पूर्वी पंपाने रात्रभर कातडीखाली द्यावे लागे. तोंडाने घेण्याच्या ‘डेफेरिप्रोन’ या औषधाला जगात सर्वांत आधी मान्यता दिली ती भारताने, १९९०च्या दशकाच्या मध्यात. युरोपची मान्यता आली १९९९ मध्ये, अमेरिकेची २०११ मध्ये.

मग ज्याने कधी रक्त घेतले नाही अशा मधुमेहीचे काय? त्याने घाबरू नये. फेरिटिन केवळ लोहाने वाढत नाही. यकृतावरची चरबी, दारू, अंगातली सूज, खुद्द मधुमेह यांनीही वाढते. लोह खरेच साचले आहे का, हे ‘ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन’ या दुसऱ्या तपासणीवरून कळू लागते. तोवर अशक्तपणा वाटतो म्हणून लोहाचे टॉनिक आपल्या मनाने पिऊ नये. अति तिथे माती. आणखी एक, रक्त काढलेल्या किंवा चढवलेल्या माणसात तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा फसवा येऊ शकतो. डॉक्टरांना ते आधी सांगावे.

एकाचे औषध रक्त काढणे, दुसऱ्याचे रक्त घेणे, आणि दोघांचा शत्रू एकच. आपण निरोगी माणसांनी एवढे करावे: लग्न ठरवताना पत्रिकेच्या आधी थॅलेसेमियाची तपासणी करून घ्यावी, आणि गावात रक्तदान शिबिर लागले की रांगेत उभे राहावे. त्या पिशवीची वाट पाहणाऱ्या मुलाला दात्याचे नाव कधी कळत नाही, आणि त्याला त्याची गरजही नसते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)