चुंबकीय फितीवरचे प्रकाशनगृह

१९८१ च्या जानेवारी महिन्यात लेनिनग्राड शहरात एक गीतसंग्रह तयार झाला. तो कोणत्याही दुकानात विक्रीस आला नाही, त्याची जाहिरात झाली नाही, कोणत्याही शासकीय सूचीत त्याची नोंद झाली नाही. पुठ्ठ्याची चौकोनी डबी, डबीत चुंबकीय फितीचे एक रीळ आणि डबीवर हाताने चिकटवलेले वेष्टन, एवढाच त्याचा ऐवज. ‘अक्वारिउम’ या रॉक गटाचा हा ‘निळा आल्बम’ पुढील काही वर्षांत सोव्हिएत संघातील दूरदूरच्या शहरांत पोहोचला. तो ध्वनिमुद्रित करणाऱ्या आन्द्रेई त्रोपिल्लो (१९५१–२०२४) यांनी आपल्या नावातील व आडनावातील आद्य अक्षरे जोडून ‘आन्त्रोप’ ही मुद्रा घडवली. या मुद्रेमागे ना नोंदलेली संस्था होती, ना भांडवल, ना ध्वनिमुद्रिका काढणारा कारखाना. तरीही ते एक प्रकाशनगृह होते. असे का म्हणावे लागते, हाच आन्त्रोपच्या इतिहासातील मुख्य प्रश्न आहे. आणि प्रकाशन म्हणजे नेमके काय, या वाङ्मयाच्या अभ्यासकाला पडणाऱ्या जुन्याच प्रश्नाशी त्याचे जवळचे नाते आहे.

सोव्हिएत संघात ध्वनिमुद्रिका काढण्याचा अधिकार शासनाकडे होता. १९६४ मध्ये ‘मेलोदिया’ या एकाच शासकीय संस्थेच्या छत्राखाली हा सारा उद्योग आणला गेला. परंतु अनधिकृत संगीताची परंपरा तिच्याहून जुनी होती. महायुद्धानंतरच्या वर्षांत लेनिनग्राडमध्येच रुस्लान बोगोस्लोव्स्की आणि त्यांचे सहकारी रुग्णालयांतून बाद झालेल्या क्ष-किरणांच्या फिल्मवर खाचा पाडून मुद्रिका बनवीत असत. बरगड्यांची आणि कवट्यांची छायाचित्रे मिरवणाऱ्या या तबकड्यांना लोक ‘हाडांवरचे संगीत’ म्हणत. १९५० मध्ये या मंडळींना अटक झाली आणि स्तालिनच्या मृत्यूनंतरच त्यांची सुटका झाली. साठच्या दशकात घरगुती टेपरेकॉर्डर सुलभ झाले आणि या खटाटोपाची गरज उरली नाही. शासनाच्या धोरणातील एक विसंगती येथे लक्षात घेण्याजोगी आहे. छायाप्रती काढणारी यंत्रे कुलुपात आणि कडक देखरेखीखाली ठेवली जात. टेपरेकॉर्डर मात्र दुकानांतून उघडपणे विकले जात. लिखित शब्दाच्या प्रसाराला भिणाऱ्या सत्तेने उच्चारित शब्दाची प्रत काढण्याचे साधन स्वतःच घरोघरी पोहोचवले. कार्बन लावून टंकलिखित केलेल्या निषिद्ध साहित्याला ‘समिझ्दात’ म्हणत. त्याच धर्तीवर फितीवरून पसरणाऱ्या साहित्याला ‘मग्नितिझ्दात’ हे नाव पडले.

मग्नितिझ्दातचे पहिले मानकरी होते गिटारच्या साथीने स्वतःच्या कविता गाणारे कविगायक. बुलात ओकुद्झावा, अलेक्सान्द्र गालिच, व्लादीमिर विसोत्स्की यांची गाणी मित्रांच्या बैठकीत कोणीतरी टिपून घेई आणि तेथून ती देशभर पसरत. याची किंमतही मोजावी लागे. गालिच यांना १९७१ मध्ये लेखकसंघातून काढून टाकण्यात आले आणि १९७४ मध्ये त्यांना देश सोडावा लागला. या फितींचा एक विशेष असा, की त्यांत गाण्याबरोबर बैठकही मुद्रित झालेली असे. पेल्यांचा किणकिणाट, कोणाचे तरी खोकणे, दोन गाण्यांमधले बोलणे हे सारे त्यांत ऐकू येई. एकाच गाण्याचे दहा ठिकाणी दहा पाठ असत. कोणते गाणे आधी यावे, कोणते वगळावे, संग्रह कोठे संपावा, हे कवी ठरवीत नसे. ज्याच्या हाती यंत्र असेल तो ठरवी. येथे प्रसार होता. परंतु निवड, क्रम आणि अंतिम पाठ यांची जबाबदारी घेणारे कोणी नव्हते. त्रोपिल्लो यांनी नेमकी ही उणीव भरून काढली.

त्यांनी त्यासाठी शोधलेला आडोसा तसा निरुपद्रवी होता. शहराच्या ओख्ता भागात शाळकरी मुलांसाठी ‘बालतंत्रज्ञ भवन’ होते. तेथे १९७९ पासून त्रोपिल्लो ध्वनिमुद्रणाचे छंदमंडळ चालवीत. मुलांना यंत्रविद्या शिकवणे हे त्यांचे अधिकृत काम होते. आणि शहरातील रॉक गायक या मंडळाचे सभासद म्हणून येथे येत. शासकीय ध्वनिमुद्रणसंस्थांनी टाकून दिलेली किंवा तात्पुरती मागून आणलेली यंत्रे दुरुस्त करून त्यांनी स्टुडिओ उभा केला. वाद्ये आणि आवाज एकावर एक चढवण्यासाठी एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर ध्वनी उतरवावा लागे आणि प्रत्येक खेपेस त्याचा कस थोडा कमी होई. म्हणून काय आधी घ्यावे, काय नंतर, याचा विचार आधीच पक्का करावा लागे. या अडचणीनेच त्यांना आणि गायकांना रचनेची शिस्त लावली असे म्हणता येईल.

या शिस्तीतून ‘मग्नितोआल्बम’ हा प्रकार आकाराला आला. ५२५ मीटर फितीचे रीळ सेकंदाला १९ सेंटिमीटर या वेगाने फिरले, की एका बाजूस सुमारे ४५ मिनिटांचे मुद्रण मावते. गीतसंग्रहाचा विस्तार या मापाने ठरू लागला. विक्तोर त्सोय यांच्या ‘किनो’ गटाच्या १९८२ मधील पहिल्या संग्रहाचे नावच ‘४५’ असे आहे आणि ते त्याच्या कालावधीवरून पडले. गटाकडे तेव्हा ढोलवादक नव्हता. काही गाण्यांत यंत्राच्या ठोक्यांवर भागवावे लागले आणि अक्वारिउमचे वादक मदतीस आले. १९८३ मध्ये मिखाइल नाउमेन्को यांच्या ‘झोओपार्क’ गटाचा ‘उयेझ्दनी गोरद एन’ हा संग्रह निघाला. ‘एन नावाचे तालुक्याचे गाव’ हे त्याचे शीर्षक, गावाचे खरे नाव झाकून ठेवण्याच्या एकोणिसाव्या शतकातील रशियन कथाकारांच्या रीतीची आठवण करून देते. हे गीतकार स्वतःला वाङ्मयीन परंपरेचे वारस मानीत होते, याची ती खूण आहे. छायाचित्रकार आन्द्रेई उसोव यांनी अनेक संग्रहांची वेष्टने सिद्ध केली. छायाचित्राच्या कागदावर ती छापून रिळाच्या डबीवर चिकटवली जात. शीर्षक, मुखपृष्ठ, गाण्यांचा ठरलेला क्रम आणि प्रकाशकाची मुद्रा एवढ्या गोष्टी जमल्या, आणि टिपून घेतलेल्या फितीला ग्रंथाचे रूप आले.

या ग्रंथाच्या प्रती मात्र प्रकाशक काढीत नसे. मूळ फितीवरून केलेल्या थोड्या प्रती विश्वासातील माणसांकडे जात. दोन टेपरेकॉर्डर बाळगणारे हे लोक कोऱ्या फितीच्या बदल्यात किंवा थोड्या पैशांवर पुढच्या प्रती करून देत. त्यांवरून आणखी प्रती निघत, आणि कॅसेटयंत्रे घरोघरी आल्यावर रिळावरील संग्रह कॅसेटवर उतरू लागले. हस्तलिखित पोथीत प्रत्येक नकलेगणिक पाठभेद वाढावेत, तशी येथे प्रत्येक प्रतीगणिक खरखर वाढे. दूरच्या गावातील श्रोत्याला कित्येकदा शब्द अर्धेमुर्धे कळत आणि मुखपृष्ठ तर पाहायलाही मिळत नसे. गायकांच्या हाती या प्रसारातून क्वचितच काही पडे. उलट त्यांचा चरितार्थ रात्रपाळीच्या पहारेकऱ्याच्या किंवा बॉयलर पेटवणाऱ्याच्या नोकरीवर चाले. नोकरी नसणे हा गुन्हा होता. याच शहरात १९६४ मध्ये कवी इओसिफ ब्रोद्स्की यांना ‘ऐतखाऊ’ ठरवून हद्दपारीची शिक्षा झाली होती.

शासनाशी असलेला संबंध केवळ विरोधाचा नव्हता. तो अधिक गुंतागुंतीचा होता. मार्च १९८० मध्ये तिबिलिसी येथील महोत्सवात अक्वारिउमने केलेल्या कार्यक्रमावरून गदारोळ उठला. बोरिस ग्रेबेन्श्चिकोव यांची नोकरी गेली आणि युवक साम्यवादी संघटनेचे सभासदत्वही गेले. पुढच्याच वर्षी, ७ मार्च १९८१ रोजी, रुबिनश्टाइन रस्त्यावर १३ क्रमांकाच्या इमारतीत लेनिनग्राड रॉक क्लबला परवानगी मिळाली. तेथे गाता येई. पण गीताचा शब्दन्‌शब्द आधी तपासून घेऊन त्यावर संमतीचा शिक्का मिळवावा लागे. सत्तेला हे गायक डोळ्यांसमोर हवे होते. ओख्ताच्या खोलीत मात्र असा शिक्का मागणारे कोणी नव्हते. म्हणून रंगमंचावरचे गीत आणि फितीवरचे गीत यांत फितीवरचा पाठ अधिक प्रमाण मानावा लागतो. १९८३–८४ मध्ये हौशी रॉक गटांविरुद्ध मोहीम सुरू झाली तेव्हाही हे काम थांबले नाही. अक्वारिउमच्या ‘रेडिओ आफ्रिका’ (१९८३) या संग्रहाचा काही भाग तर खुद्द मेलोदियाच्या फिरत्या स्टुडिओत मुद्रित झाला. ज्या संस्थेने या गायकांना दार उघडले नव्हते, तिचीच यंत्रे त्यांच्या कामी आली.

१९८६ नंतर चित्र झपाट्याने बदलले. जोआना स्टिंग्रे या अमेरिकन गायिकेने लेनिनग्राडच्या चार गटांची मुद्रणे गुपचूप देशाबाहेर नेली आणि त्या वर्षी अमेरिकेत ‘रेड वेव्ह’ हा दोन तबकड्यांचा संच प्रसिद्ध झाला. त्यातील बहुतांश सामग्री त्रोपिल्लो यांच्या स्टुडिओतली होती. मायदेशात ज्यांची एकही तबकडी नव्हती त्यांच्या तबकड्या परदेशात निघाल्या, ही गोष्ट शासनाला अवघड जागी बसली. १९८७ मध्ये मेलोदियाने अक्वारिउमची तबकडी काढली. तिच्यातील गाणी आन्त्रोपच्याच दोन संग्रहांतून निवडलेली होती. १९८८ मध्ये किनोचा ‘रात्र’ हा संग्रहही मेलोदियाने काढला, आणि तोही गटाला न विचारता. बंदी होती तेव्हा मुखपृष्ठापासून क्रमापर्यंत ज्यांचे मत घेतले जाई, त्यांना मान्यतेच्या दिवसांत विचारण्याची गरज कोणाला वाटली नाही.

यानंतर त्रोपिल्लो स्वतःच मेलोदियाच्या लेनिनग्राड शाखेचे प्रमुख झाले. फितींवरची ‘आन्त्रोप’ ही मुद्रा नव्वदच्या दशकाच्या आरंभी कारखान्यात निघालेल्या तबकड्यांवर झळकू लागली. त्यांत देशी गटांबरोबर बीटल्स, लेड झेपेलिन आदी पाश्चात्त्य गटांचे संग्रहही होते आणि त्यांसाठी मूळ मालकांची परवानगी घेतलेली नव्हती. परदेशी ध्वनिमुद्रणांना संरक्षण देणाऱ्या जिनिव्हा करारात रशिया १९९५ मध्ये सामील झाला. तोवर अशा प्रकाशनाला कायद्याचा फारसा अडसर नव्हता. कलेच्या प्रसाराला मालकीचे कुंपण नसावे, ही भूमिका त्रोपिल्लो उघडपणे मांडीत. अनेक रशियन श्रोत्यांच्या घरात ते संगीत त्यांच्यामुळेच प्रथम आले, हे खरे. परंतु ज्या काळात लेखकाला बोलूच दिले जात नव्हते, त्या काळात विनापरवाना प्रत ही त्याच्या बाजूने केलेली कृती होती. लेखक बोलू शकतो, नाही म्हणू शकतो, अशा काळात तीच कृती त्याला डावलून केलेली ठरते. प्रत काढण्याची रीत तीच राहिली. तिच्यामागचा लेखक आणि प्रकाशक यांच्यातील विश्वास उरला नाही.

त्सोय यांचा १९९० मध्ये अपघाती मृत्यू झाला, नाउमेन्को १९९१ मध्ये गेले, आणि त्याच वर्षी लेनिनग्राडला सांक्त पितेरबुर्ग हे जुने नाव परत मिळाले. पुढे या संग्रहांच्या सीडी निघाल्या. त्यांत खरखर नाही आणि शब्द स्पष्ट ऐकू येतात. पण बहुतेकांत गाण्यांचा क्रम आणि शीर्षक तेच आहे, जे मुलांच्या छंदमंडळातील एका खोलीत फीत गुंडाळून डबीवर कागद चिकटवताना ठरले होते. आन्त्रोपच्या किती प्रती निघाल्या याची मोजदाद कोणी ठेवली नाही. प्रती काढणे हे त्याचे कामच नव्हते. हे गीत या रूपात या कवीचे आहे, अशी ग्वाही देणे हे त्याचे काम होते, आणि ती ग्वाही अजून टिकून आहे.