आम्ही खोत होतो म्हणजे नेमके कोण होतो?

गणपतीला गावी गेलं की आमच्या ओटीवर एक वाक्य दरवर्षी ऐकू येतं, "कूळकायद्याने आपलं सगळं नेलं." यंदा काकांकडून जुन्या कागदांचं गाठोडं मागून घेतलं आणि मोडी वाचणाऱ्या एका मास्तरांकडे नेलं.

गाठोड्यात बोटखताची नक्कल निघाली. १८८० च्या खोती कायद्यानंतर रत्नागिरी जिल्ह्यात खोती गावांची ही नोंदवही तयार झाली. कोणतं शेत कोण कसतो, खोताला काय देतो, हे त्यात लिहिलेलं असतं. भाताचं अर्धं, वरकस जमिनीचा तिसरा हिस्सा, म्हणून अर्धेल आणि तिर्धेल. वेठ मात्र कुठल्याच रकान्यात नाही. खोताच्या शेतावर फुकट राबायचं, त्याची नोंद कोण ठेवणार?

आता गंमत बघा. आमच्या घरी 'आपली' म्हणून सांगतात त्या मळ्याच्या सर्व्हे नंबरापुढे कसणारा म्हणून नाव दुसऱ्याच घराचं. आमच्याकडे होता तो वसुलीचा हक्क. सरकारचा सारा भरायचा आणि कुळांकडून घ्यायचं ते घ्यायचं. मधला फरक म्हणजे आमचा वाडा.

खोतीची बाजू मांडणारे लहान लोक नव्हते. लोकमान्यांच्या घरात चिखलगावच्या खोतीचा हिस्सा होता आणि त्यांनी केसरीतून खोतांची वकिली केली. विरोधात उभे राहिले ते डॉ. आंबेडकर, मूळ गाव आंबडवे, तेही याच जिल्ह्यातलं. १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी मुंबईत विधानसभेवर मोर्चा घेऊन गेले. तिकडे अलिबागजवळ चरीचा संप नारायण नागू पाटलांनी १९३३ पासून चालवला होताच. पिकवायचंच नाही म्हणून वर्षानुवर्षं शेतं ओसाड ठेवली लोकांनी. पोटाला चिमटा घेऊन केलेला संप आहे हा, आपल्या शाळेत मला तरी कुणी शिकवला नाही.

शेवटी खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने, अंमल १५ मे १९५० पासून. कूळकायदा वेगळा, १९४८ चा. त्यातला कृषक दिन १ एप्रिल १९५७. आमच्या ओटीवर दोन्ही एकत्र मिसळून एकच 'अन्याय' झालाय. आणि खोतांची खासगी जमीन त्यांच्याकडेच राहिली हे कुणी सांगत नाही. आमची आंबाबाग त्यातलीच. आजोबांचं शिक्षण त्या बागेवर झालं, माझंही.

काकांना हे सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले, "हे शेजाऱ्यांसमोर बोलू नकोस." मी बोललो. पालखीला खांदा देणाऱ्या त्या दुसऱ्या घरातला मुलगा माझ्या वयाचा, मुंबईत नोकरीला. त्याला त्या पानाची झेरॉक्स दिली. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "पणजोबांचं नाव कागदावर लिहिलेलं पहिल्यांदाच बघतोय रे. आमच्याकडे तर त्यांचा फोटोपण नाही."