संचलन, मोर्चा आणि वारी : सार्वजनिक स्मरणाची शब्दसाक्ष

राष्ट्रीय स्मरणसोहळे केवळ तारखांच्या आधारे अभ्यासले, तर त्यांचा अर्धाच इतिहास हाती लागतो. माणसे कोठे चालली व कोणापुढे चालली, याची नोंद पुष्कळदा भाषेने ठेवलेली असते. मराठीत अशा सामुदायिक चालण्याला इतर नावांबरोबर तीन महत्त्वाची नावे आहेत : संचलन, मोर्चा आणि वारी. त्यांना जोडून येणारे प्रत्यय व शब्दयोगी अव्यये पाहिली म्हणजे तिन्हींतील भेद स्पष्ट होतो. संचलन कोणाच्या तरी समोरून जाते. मोर्चा कशावर तरी जातो. वारी पंढरीला जाते.

संचलनाचे सर्वांत मोठे उदाहरण राजधानीतील होय. २६ जानेवारी १९५० रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली आणि त्याच दिवशी दिल्लीच्या आयर्विन स्टेडियममध्ये सेनादलांची मानवंदना स्वीकारली. शंभराहून अधिक विमाने त्या प्रसंगी आकाशातून गेली. १९५५ पासून हा सोहळा राजपथावर स्थिरावला. ब्रिटिश अमदानीत या रस्त्याचे नाव ‘किंग्जवे’ होते. २०२२ मध्ये तो ‘कर्तव्यपथ’ झाला. नाव दोनदा पालटले, सोहळ्याची रचना मात्र पालटली नाही : मानवंदना घेणारा एक, त्याच्या समोरून जाणारे काही आणि दुतर्फा पाहणारे असंख्य. विमानांच्या उड्डाणात ही रचना पराकोटीस पोहोचते. जमिनीवरील मनुष्याने मान वर करून पाहावयाचे, एवढेच त्याच्या वाट्याला येते. अशा संचलनाचा पाया म्हणजे कवायत. आणि ‘कवायत’ हे मूळ अरबीत ‘कायदा’ याच शब्दाचे अनेकवचन आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

‘मोर्चा’ हा शब्दही सैनिकीच, परंतु त्याचा प्रवास उलट दिशेने झाला. फारसीतून आलेल्या या शब्दाचा जुना अर्थ वेढ्यातील खंदक किंवा तोफांची जागा. किल्ल्याला मोर्चे लावीत. ‘मोर्चेबांधणी’त तो अर्थ अद्याप टिकून आहे. विसाव्या शतकात हा शब्द निःशस्त्र जनतेने आपलासा केला. पुणे-नगर रस्त्यावरील सुपा ज्या पारनेर तालुक्यात मोडते, त्या तालुक्यात याचे एक बोलके उदाहरण सापडते. पारनेर येथे १८८० मध्ये जन्मलेल्या पांडुरंग महादेव बापट यांना लोकांनी ‘सेनापती’ म्हटले, ते १९२१ च्या मुळशी सत्याग्रहामुळे. पुढे १९५५ च्या गोवा सत्याग्रहात व संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतही ते होते. त्याच वर्षी २१ नोव्हेंबर रोजी मुंबईत विधानसभेवर निघालेल्या मोर्चावर फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला व माणसे मृत्युमुखी पडली. पुढे तेथे हुतात्मा स्मारक उभे राहिले.

यानंतरचा इतिहास या शब्दांच्या परस्परांत मिसळण्याचा आहे. १ मे रोजी मुंबईत हुतात्मा चौकात शासनातर्फे पुष्पचक्र वाहिले जाते आणि शिवाजी पार्कवर संचलन होते. सत्तेवर चालून गेलेल्या मोर्चाचे स्मरण आता सत्तेच्याच हस्ते होते. २०१५ मध्ये प्रजासत्ताकदिनी महाराष्ट्राचा ‘पंढरीची वारी’ हा चित्ररथ राजपथावर आला आणि त्यास प्रथम पुरस्कार मिळाला. वारीत चालणारा आणि पाहणारा यांत भेद नसतो. पाहावयास आलेला दोन पावले दिंडीबरोबर चालला की तोही तिचा होतो. त्या दिवशी मात्र वारी पंढरीला गेली नाही; ती समोरून गेली.

हे केवळ शब्दांचे कौतुक नव्हे. शासकीय सोहळ्याने लोकस्मरणाचा गौरव होतो, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ज्या स्मरणाला लोक आपल्या पायांनी जात होते, त्याचे ते केवळ प्रेक्षक होऊन राहिले, तर नाव तेच राहूनही ती संस्था निराळी होते. तो बदल नेमका केव्हा घडला, हे दप्तरांतून कदाचित कळणार नाही. भाषेतील ‘ला’ आणि ‘समोरून’ यांच्याकडे लक्ष दिले, तर त्याचा माग काढता येईल.