भाटघरचा पाणकांठ

भोर तालुक्यांत वेळवंडी नदीवर भाटघर येथें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक धरण झालें. पुढें त्याच्या खालच्या अंगास अधिक उंच धरण बांधण्यांत येऊन तें १९२७ सालीं पुरें झालें व जुनें धरण नव्या जलाशयाच्या पोटांत गेलें. या पाण्याचा कांठ कोठें आहे, हा प्रश्न साधा वाटतो. उत्तर मात्र साधें नाहीं. पावसाळ्याअखेर तुडुंब असलेला जलाशय ज्येष्ठापर्यंत इतका उतरतो कीं, एरव्हीं पाण्याखालीं असणारें कांबरेश्वराचें देऊळ उघडें पडतें.

पूर्वीं कांठाची नोंद मोजणीदार साखळी व दुर्बीण घेऊन करीत. १९७२ सालीं अमेरिकेचा लँडसॅट व १७ मार्च १९८८ रोजीं भारताचा आय. आर. एस.-१ए हा उपग्रह आकाशांत गेला आणि कांठाचें चित्र वारंवार मिळूं लागलें. तांबड्या रंगापलीकडील अदृश्य किरण पाणी शोषून घेतें, म्हणून त्या किरणांच्या चित्रांत तें काळें दिसतें व जमीन उजळ दिसते. या भेदावरून कांठाची रेघ निघते.

परंतु ही रेघ त्या घटकेपुरती खरी. कोंकणच्या किनाऱ्यावरून असा उपग्रह ठराविक वेळीं जातो, पण भरतीची वेळ रोज सुमारें ५० मिनिटांनीं पुढें सरते. पन्नासास एक अशा उताराच्या पुळणीवर पाणी एक मीटर चढलें, तर कांठ ५० मीटर आंत येतो. दोन सालांचीं चित्रें तशींच ताडून पाहिलीं, तर न झालेली झीजहि दिसूं लागेल. यासाठीं त्या वेळची भरतीची उंची व पुळणीचा उतार हिशेबांत धरून दोन्ही रेघा एका पातळीवर आणाव्या लागतात.

भाटघरास भरती नाहीं. तेथें धरणावरील पाणीपातळीची रोजची नोंद हेंच काम करते. निरनिराळ्या पातळींच्या रेघा एकावर एक मांडल्या कीं तळाच्या चढउताराचा नकाशा होतो. पुष्कळ वर्षांनीं त्याच पातळीस पाण्याचें क्षेत्र कमी भरलें, तर तेथें गाळ बसला असें समजावें. जो तळ कधींच उघडा पडत नाहीं, त्याची खोली मात्र नावेंतूनच मोजावी लागते. वेल्हे, म्हणजे आजच्या राजगड तालुक्यांतील पानशेतच्या जलाशयासहि हीच रीत लागू पडते.

हा हिशेब केवळ शास्त्रज्ञांच्या कुतूहलाचा नव्हे. भाटघरच्या सुमारें साडेतेवीस अब्ज घनफूट पाण्याकडे नीरेच्या कालव्यांवरील बारामती, इंदापूर, फलटण व माळशिरस येथील शेतकऱ्यांचे डोळे लागलेले असतात. गाळानें किती जागा व्यापली हें न जाणतां पाण्याची वांटणी केली, तर कालव्याच्या शेवटाकडील शेतें कोरडीं राहतील. म्हणून आकाशांतील चित्राइतकीच धरणावरील नोंदवहीहि जपून ठेविली पाहिजे.