पाणी बाधले : सिंध नदीकाठची छावणी ते आपला नळ

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा समितीचा दोन वर्षांपासूनचा आग्रह. मी डिप्लोमावाला माणूस, वीसेक वर्षे रेल्वेच्या पाण्याच्या पाइपांत आणि गटारांत वावरलेला. झाशी म्हटले की १८५७ वर लिहायचे, आणि ते लिहिणारी जाणती मंडळी आपल्यात पुष्कळ आहेत. म्हणून मी त्याच्याही चाळीस वर्षे मागे जातो आणि ज्यातले मला थोडेफार कळते त्या पाण्याविषयी लिहितो. प्रसादाच्या पानाशेजारी जुलाबाचा विषय छापावा की नाही, ते संपादकांनी पाहून घ्यावे!

नोव्हेंबर १८१७. पेंढाऱ्यांच्या बंदोबस्तासाठी म्हणून गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज स्वतः मोठी फौज घेऊन आपल्या या भागात उतरला होता. ५ नोव्हेंबरला ग्वाल्हेरच्या दौलतराव शिंद्यांशी कंपनीचा तह झाला. त्याच दिवशी तिकडे खडकीला बाजीरावाच्या फौजेची इंग्रजांशी लढाई जुंपली. झाशीचे सुभेदार रामचंद्रराव यांच्याशी कंपनीचा तह झाला तोही याच महिन्यात. एकूण मराठी राज्याचा निकाल लागण्याचे ते दिवस. आणि नेमक्या त्याच दिवसांत सिंध नदीकाठच्या हेस्टिंग्जच्या छावणीत पटकी शिरली.

ही साथ ऑगस्टमध्ये बंगालात जेसोरकडे उठली होती. छावणीत सैनिक थोडे आणि त्यांच्यामागचे बाजारबुणगे, हमाल, माहूत, मोतद्दार कितीतरी पट जास्त. सगळ्यांचे पिणे, धुणे, जनावरे आणि बाकीचे विधी एकाच पाण्यावर. सकाळी चालता-बोलता माणूस संध्याकाळी जात होता. थोड्याच दिवसांत हजारो माणसे दगावली, पुष्कळ पळून गेली आणि वाटेत पडली. आपण मेलो तर तंबूतच गुपचूप पुरावे, शत्रूला कळू देऊ नये, असे हेस्टिंग्जने सांगून ठेवले होते म्हणतात. शेवटी तळ हलवून फौज बेतवेवरच्या एरचला नेली. हे एरच आज आपल्याच झाशी जिल्ह्यात आहे. तिथल्या मोकळ्या, कोरड्या जागेवर साथ ओसरली. शिंद्यांनी तह आठ-पंधरा दिवस लांबवला असता तर काय झाले असते, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो. पुढे १८१८ मध्ये ही साथ दख्खनमध्ये उतरून पुण्या-मुंबईलाही पोचली.

तेव्हाचे इंग्रज डॉक्टर दोष हवेला देत. इथल्या लोकांचे म्हणणे वेगळे होते. ओरछ्याच्या हरदौलांच्या जागी फौजेने गायी मारल्या, म्हणून त्यांचा कोप झाला, असे बुंदेलखंडात सांगत. स्लीमन या अधिकाऱ्याने ते १८४४ च्या आपल्या पुस्तकात नोंदवले आहे. गावोगावी दिसणारे हरदौलांचे चबुतरे आपण पाहतोच. लग्नाचे पहिले आमंत्रण त्यांना देतात, आणि साथ आली की गाऱ्हाणेही त्यांनाच.

आपल्या भाषेचाही या रोगाशी जुना संबंध आहे. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात या रोगाचे वर्णन करताना स्थानिक नाव 'मोर्शी' असे दिले आहे. ही आपली मोडशी! पुढे युरोपियनांनी तिचे 'मोर्देशी' आणि शेवटी फ्रेंचमध्ये 'मोर द शियां', म्हणजे कुत्र्याची मौत, असे करून टाकले. आज मोडशी म्हणजे साधे अपचन.

पटकीचा जंतू कोखने १८८४ मध्ये कलकत्त्याच्या रुग्णांत आणि तळ्याच्या पाण्यात दाखवला. पण सगळेच जुलाब पटकीचे नसतात. १८८५ मध्ये एशेरिश या बालरोगतज्ज्ञाला तान्ह्या मुलांच्या शौचात एक जंतू सापडला. हाच ई-कोलाय. तो तुमच्या-माझ्या सर्वांच्या आतड्यात असतो आणि बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो. म्हणून तर आम्ही पाणी तपासताना त्यालाच शोधतो : १०० मिलिलिटर पाण्यात तो आढळला, की कुठेतरी मैला मिसळला हे नक्की. मात्र याच घराण्यातली काही वाणे घातकी निघतात. १९४५ मध्ये लंडनमध्ये ब्रे यांनी तान्ह्या मुलांच्या जुलाबाच्या साथीत असे एक वाण ओळखले. २०११ मध्ये जर्मनीत मेथीच्या मोडांतून दुसरे एक पसरले. त्यात मोठी माणसेच जास्त सापडली, कित्येकांची मूत्रपिंडे बिघडली आणि पन्नासहून अधिक माणसे गेली.

नेमके काय घडते, हे उलगडले कलकत्त्याच्या डॉ. शंभूनाथ डे यांनी. साध्या प्रयोगशाळेत त्यांनी सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधून त्यात पटकीचे जंतू सोडले. तुकडा पाण्याने टम्म फुगला. १९५६ मध्ये जुलाबाच्या रुग्णांतल्या काही ई-कोलायनीही तेच करून दाखवले, आणि १९५९ मध्ये पटकीचे विष त्यांनी सिद्ध केले. आतडे फाटत नाही, विषाने त्याचा व्हॉल्व्ह उघडा अडकतो आणि शरीरातले पाणी वाहून जाते. मोठ्या माणसात साठा असतो; सहा महिन्यांच्या बाळाची टाकीच लहान. बदलीच्या गावी पहिल्या महिन्यात आपल्याला 'पाणी बाधते' ते पुष्कळदा याच प्रकारच्या वाणामुळे. गावकऱ्यांना त्याची सवय झालेली असते, आपल्याला नसते.

आतड्यातला साखरेचा रस्ता मात्र उघडा राहतो, आणि साखरेबरोबर मीठ व पाणीही आत जाते. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाइन संपत आल्यावर हेच पाणी तोंडाने पाजून हजारो जीव वाचवले. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ.

माझ्या पहिल्या पोस्टिंगच्या गावी (नाव नको) पावसाळ्यात क्वार्टरमधली मुले एकामागून एक आजारी पडली. त्यांत माझी आठ महिन्यांची मुलगीही होती. टाकीतले पाणी चांगले होते, क्लोरीनही बरोबर. मी दोन दिवस टाकीच धुवत बसलो. मग एका जुन्या खलाशाने विचारले, "साहेब, पंप बंद असतो तेव्हा पाइप काय करतो?" पंप बंद झाला की दाब उतरतो आणि फुटका पाइप बाहेरचे पाणी आत ओढतो. नाल्याखाली खणले तर जॉइंट गळत होता. आम्ही तो तुकडा काढून नवा पाइप नाल्याच्या वरून नेला, आणि लाइन क्लोरीनने धुतली. घरी माझी आई दर पाच मिनिटांनी चमच्याने मीठ-साखरेचे पाणी पाजत बसली होती. तिसऱ्या दिवशी मुलीच्या डोळ्यांत पाणी आले, ती रडली तेव्हा आई म्हणाली, "आता रडू दे तिला."

आज झाशीच्या नळाला माताटिला धरणाचे, म्हणजे बेतवेचेच पाणी येते. एरच याच नदीवर, खालच्या अंगाला आहे.